अर्धा आणा, दहा मैल

१८७७ च्या जानेवारीच्या मध्याला मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवरची मजुरी कापली गेली. तोवर खडी फोडणाऱ्या किंवा मातीची पाटी वाहणाऱ्या गड्याला दिवसाकाठी एक पौंड धान्याची बाजारभावाने होणारी किंमत आणि वर एक आणा मिळत असे. नव्या हुकुमाने हा वरचा आणा अर्धा झाला. बायकांचे आणि पोरांचे दरही उतरले. कागदावर पाहिले तर एवढीच गोष्ट: अर्धा आणा.

हिशेब मांडून पाहू. एक पौंड म्हणजे तेव्हाच्या पक्क्या शेराचा जेमतेम निम्मा. रुपयाला सोळा पौंड ज्वारी असा भाव धरला, तर गड्याच्या हातावर आधी दोन आणे पडत, आता दीड. धान्याच्या किमतीशी बांधलेला भाग महागाईबरोबर वाढत होता, त्यामुळे तो अर्धा शेर तरी शाबूत राही. वरच्या अर्ध्या आण्याला मात्र तसला आधार नव्हता. भाव बारा पौंडांवर चढला की त्यात पंधरा तोळेही ज्वारी धड येईना. आणि मीठ, मिरची, सरपण, दिव्याचे तेल, एखादे औषधपाणी हे सगळे त्याच अर्ध्या आण्यातून भागवायचे. घरी अंथरुणाला खिळलेली म्हातारी असेल तर तिच्या नावाने वेगळा अर्ज, वेगळी तपासणी.

या तपासणीकडे आपल्या इतिहासलेखनात फारसे कोणी वळत नाही. दुष्काळ म्हटला की पावसाचे आकडे, धान्याचे भाव आणि मेलेल्यांची मोजदाद येते. मदत कोणाला द्यायची हे ठरवणारा माणूस, त्याच्यासमोर उभी राहिलेली रांग आणि त्याने टाकलेली नजर यांची नोंद ठेवायला कोण बसले होते? मला विचाराल तर १८७७ ची खरी कहाणी त्या नजरेपासून सुरू होते.

आदल्या वर्षी दख्खनवर पाऊस रुसला होता. पुणे, सातारा, अहमदनगर, सोलापूर, आणि त्याखाली बेळगाव, धारवाड, कलादगी असा पट्टाच्या पट्टा करपून गेला. तिथल्या शेतकऱ्याची गाठ आधीच सुटत आलेली होती. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या जळाल्या, त्या दंग्याची धग अजून निवलेली नव्हती. मुंबईचे गव्हर्नर सर फिलिप वोडहाउस यांच्या सरकारने त्या मानाने लवकर हालचाल केली आणि मोठी कामे काढली. तलाव, कालवे, रस्ते, रेल्वेचे भराव. धोंड ते मनमाड हा लोहमार्ग याच दुष्काळातल्या मजुरांच्या पाट्यांवर उभा राहिला आणि १८७८ मध्ये सुरू झाला. आज त्या मार्गाने अहमदनगरला जाताना खालच्या भरावात कोणाचा घाम मुरला आहे हे गाडीतल्या कोणाच्या मनात येत नसेल.

मजुरांची वाटणी सुरुवातीपासूनच दोन ढिगांत झाली होती. धडधाकट माणसे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मोठ्या कामांवर. तिथे इंजिनिअर, ठरवून दिलेले काम, जास्त दर. म्हातारे, अशक्त, आजारातून उठलेले यांच्यासाठी गावाजवळची हलकी कामे. ती मुलकी खात्याच्या ताब्यात, देखरेख असिस्टंट कलेक्टरची, रोज कमी. ज्याला कोणतेच काम झेपणार नाही त्याला फुकट शिधा. कागदावर ही विभागणी शहाणपणाची दिसते, आणि काही अंशी ती तशी होतीही. पण उपाशी माणसाचे एक आहे: तो आज धडधाकट असतो आणि पंधरा दिवसांनी नसतो. दरम्यान त्याचे नाव ज्या यादीत चढले, त्या यादीत ते तसेच राहते. मामलेदाराने, सर्कल इन्स्पेक्टराने किंवा गावच्या पाटील-कुळकर्ण्याने एकदा हात, छाती, पिंढऱ्या पाहून ठरवले की झाले. बरगड्या मोजता येत असल्या तरी उभे राहता येते ना, मग पाटी उचल.

अर्धा आणा कापायची कल्पना मुंबईची नव्हे. ती आली कलकत्त्याहून, आणि तिला चेहरा मिळाला सर रिचर्ड टेंपल यांचा. हे गृहस्थ मुळात दगडाच्या काळजाचे नव्हते, म्हणून त्यांची गोष्ट जास्त बोचते. १८७४ मध्ये बिहारात दुष्काळ पडला तेव्हा बंगालचा कारभार त्यांच्याकडे होता. त्यांनी ब्रह्मदेशातून जवळजवळ पाच लाख टन तांदूळ आणवला, सढळ हाताने वाटला, आणि माणसे मरू दिली नाहीत. बक्षीस काय मिळाले? पैसा उधळला म्हणून लंडनच्या वर्तमानपत्रांनी आणि वरिष्ठांनी त्यांना फाडून खाल्ले. हा माणूस धडा शिकला. दोन-तीन वर्षांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी त्यांना दक्षिणेच्या दुष्काळावर खास प्रतिनिधी म्हणून पाठवले, तेव्हा काटकसर हे त्यांचे मुख्य काम होते. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत राणीला सम्राज्ञीपद बहाल करणारा दरबार झाला आणि त्याच महिन्यात टेंपलसाहेब दौऱ्यावर निघाले. मद्रास इलाख्यातही त्यांनी एक पौंडाचे माप लावले. तिथले सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी, एवढ्या अन्नावर अंगमेहनत करणारा माणूस जगणार नाही, असा जाहीर वाद घातला, आणि पुढे मद्रास सरकारला माप थोडे वाढवावे लागले.

टेंपल यांच्या मनातला विचार नवा नव्हता. इंग्लंडातल्या १८३४ च्या गरिबांच्या कायद्यातून तो थेट आला होता: सरकारी मदत घेणाऱ्याची अवस्था बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुरापेक्षाही वाईट असली पाहिजे, नाहीतर लोक मदतीलाच चटावतील. म्हणून मदतीला काटे लावायचे. दख्खनमध्ये लावलेले काटे दोन. एक अंतराचा. धडधाकट ठरलेल्याला राहत्या घरापासून दहा मैलांच्या आत काम द्यायचे नाही. खरोखर गरज असेल तर तो येईल चालत. दुसरा मुक्कामाचा. कामावर यायचे तर तिथल्या छावणीतच राहायचे, रात्री घरी परतायचे नाही.

हा दुसरा काटा लोकांना पहिल्याहून जास्त टोचला असावा, असे मला वाटते. शेतकऱ्याचे घर म्हणजे चार भिंती एवढेच नसते. दावणीला उरलेले एखादे जनावर असते, आढ्याचे वासे चोरायला टपलेले लोक असतात, पेवात लपवलेले बियाणे असते. घराला कुलूप लावून महिने दोन महिने उघड्या माळावर जाऊन पडणे म्हणजे पाऊस आला तरी परत उभे राहायला काही न उरणे. छावणीत पाणी नासलेले, आडोसा नाही, पटकीची भीती. अन्न हवे असेल तर छप्पर सोड, असा हा सौदा होता.

हे वाचताना आजचे ब्रिटन डोळ्यांसमोर येते. २०१३ च्या एप्रिलात तिथल्या सरकारने ठरवले की सार्वजनिक मालकीच्या घरात राहणाऱ्या भाडेकरूकडे एक झोपायची खोली जास्त असेल तर त्याची घरभाड्याची मदत १४ टक्के कापायची, दोन असतील तर २५ टक्के. लोकांनी त्याला 'बेडरूम टॅक्स' हे नाव ठेवले आणि रस्त्यावर उतरले. नवऱ्याचे श्वासाचे यंत्र ज्या खोलीत ठेवलेले असते तीही 'जास्तीची' मोजली जाऊ शकत होती. त्याच साली अपंगांच्या जुन्या भत्त्याच्या जागी नवा भत्ता आला. हालचालीसाठीची वरची रक्कम मिळवायला आधी पन्नास मीटर चालता येत नाही हे पुरेसे मानले जाई, आता दंडक वीस मीटरचा झाला. त्याआधीच, माणूस कामाला लायक आहे की नाही हे ठरवण्याच्या तपासण्यांचे कंत्राट अ‍ॅटॉस नावाच्या फ्रेंच कंपनीकडे होते. २०१२ मध्ये हीच कंपनी लंडनच्या पॅरालिम्पिकची पुरस्कर्ती होती, तेव्हा चाकांच्या खुर्च्यांवरून माणसे तिच्या दारात निदर्शनाला गेली. शेवटी कंपनीने मुदत संपण्यापूर्वीच ते काम सोडले. दहा मैल आणि वीस मीटर, काळ आणि देश वेगळे, मोजपट्टी एकाच कारखान्यातली. 

तर दख्खनमध्ये हुकूम आला. आणि साहेबांच्या हिशेबात नसलेली गोष्ट घडली. लोक काम सोडून चालते झाले.

पुणे, सोलापूर, अहमदनगर, सातारा या जिल्ह्यांत जानेवारीच्या अखेरीपासून दुष्काळी कामांवरची हजेरी घसरू लागली. गावाजवळच्या हलक्या कामांवरून ज्यांना लांबच्या मोठ्या कामांवर जायला सांगितले, त्यांनी जायचे नाकारले. हजारोंच्या संख्येने माणसे, बायकापोरांसकट, खोरी-पाट्या टाकून उठली. दगडफेक नाही, तिजोरीवर हल्ला नाही. उपाशी माणसाने अन्न नाकारून केलेला संप. त्या काळच्या इंग्रजी लेखकांनाही हे चमत्कारिक वाटले. मद्रासचे पत्रकार विल्यम डिग्बी यांनी १८७८ मध्ये दुष्काळावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला, त्यात मुंबई इलाख्यातल्या या संपाची दखल आहे.

या लोकांच्या मागे शब्दांनिशी उभी राहिली ती पुण्याची सार्वजनिक सभा. २ एप्रिल १८७० ला स्थापन झालेली ही संस्था म्हणजे वकील, इनामदार, सावकार, पेन्शनर यांचा गोतावळा. दुष्काळी मजुराशी तिचा संबंध एरवी कुळ आणि धनी असाच यायचा. म्हणूनच तिने जे केले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, दिल्ली दरबाराला खादीचे कपडे घालून गेले होते आणि सभेचे मानपत्र देऊन आले होते. पुण्यात न्यायमूर्ती रानडे सभेचे डोके होते, सीताराम हरी चिपळूणकर चिटणीस. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून बातमीदार नेमून दुष्काळाचे वृत्तांत मागवले आणि सरकारला पत्रांवर पत्रे धाडली. अमुक तालुक्यात भाव काय, कामावर किती माणसे, कोण कुठून हाकलले गेले. तक्रारींत एक मुद्दा साहेबाला झोंबणारा होता: तुरुंगातल्या कैद्याला याहून जास्त धान्य मिळते. चोरी करून आत गेलेल्याचे पोट भरते आणि रस्ता बांधणाऱ्याचे भरत नाही.

रानड्यांच्या लिखाणाची रीत इथे कामी आली. भावनेला हात घालायचा नाही, सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडायचे. एक पौंडात किती सत्त्व, किती श्रमाला किती अन्न, आधीच्या दुष्काळांत काय दिले होते. सरकारला असल्या पत्रांचा राग जास्त येतो. आरडाओरडा करणाऱ्याला दंगेखोर म्हणता येते. त्रैराशिक मांडणाऱ्याला काय म्हणणार?

सरकारने तरीही शोधून काढले. पुण्याच्या ब्राह्मणांनी भोळ्या कुणब्यांना चिथावले, असे अधिकारी म्हणू लागले. आणि त्याहून भयंकर असा दुसरा निष्कर्ष निघाला. हजेरी घसरली, याचा अर्थ त्या लोकांना मदतीची गरजच नव्हती. खरे गरजवंत राहिले, ऐतखाऊ गळाले, म्हणजे परीक्षा यशस्वी झाली! परीक्षेची रचनाच अशी होती की तिचा निकाल कधी चुकूच शकत नव्हता. जो आला तो कमी मजुरीवर राबला, जो आला नाही तो लबाड ठरला. वाटेत मेला तो कोणत्याच रकान्यात बसला नाही. पुढे काम सोडलेली माणसे दारोदार भीक मागत फिरली, निजामाच्या मुलखात, वऱ्हाडात, गुजरातेत गेली. त्यांचे गाव सोडणे हेही काही अहवालांत त्यांच्या हुशारीचे लक्षण म्हणून नोंदले गेले असेल तर नवल वाटायला नको.

सभेखेरीज आणखी एक फळी काम करत होती, आणि तिचा सभेशी फारसा सलोखा नव्हता. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम उघडला, दुष्काळात टाकलेल्या, हरवलेल्या मुलांसाठी. सावित्रीबाई जुन्नर भागात होत्या. ओतूरहून २० एप्रिल १८७७ ला त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. कार्यकर्ते गावोगाव फिरून मदत कशी करत आहेत आणि सावकार या काळातही कसे वागत आहेत, हे त्यात आहे. त्याच वर्षाच्या जानेवारीत कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' पत्र सुरू केले होते. बालाश्रमात कोणी हात-पाय पाहून मुलांची वर्गवारी करत नव्हते. भुकेले आले की पानावर बसवायचे.

१८७७ च्या मे महिन्यापासून टेंपलसाहेब मुंबईचेच गव्हर्नर झाले. म्हणजे ज्यांनी आणा अर्धा केला त्यांच्याकडेच आता गाऱ्हाणे न्यायचे. पाऊस उशिरा आला, तोही अपुरा. वर्ष संपेस्तोवर माणसे मरत राहिली. कलादगी जिल्ह्यात, म्हणजे पुढच्या विजापुरात, १८७२ च्या शिरगणतीला आठ लाखांवर लोक होते. १८८१ ला साडेसहा लाखही भरले नाहीत. जन्म वजा मृत्यू असा सरळ हिशेब इथे लागत नाही, स्थलांतरही त्यात आहे. पण इतकी माणसे नऊ वर्षांत कुठे गेली या प्रश्नाचे फारसे सुखद उत्तर निघत नाही.

आता जरा उत्तरेला, तापीच्या मुखाशी, कारण या दुष्काळाचा खर्च तिथेही वसूल झाला. हजीरा आणि त्याच्याजवळचे सुवालीचे किनारे म्हणजे इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या धंद्याचा उंबरठा. १६१२ मध्ये थॉमस बेस्टच्या जहाजांनी पोर्तुगिजांना इथेच तोंड दिले आणि त्यानंतर सुरतेत वखार जमली.  १८७८ मध्ये मात्र सुरत हे बंदर म्हणून उतरणीला लागलेले, पण पेढ्या, जरी, कापड आणि बाजार यांवर जगणारे मानी शहर होते. दख्खनचा दुष्काळ तिथवर पोचला तो भुकेच्या रूपाने नव्हे, पावतीच्या.

सरकारने ठरवले होते की पुढच्या दुष्काळांसाठी दरसाल दीड कोटी रुपये बाजूला टाकायचे. हा दुष्काळ विमा निधी. पैसे कुठून आणायचे? धंदेवाल्यांवर परवाना कर. मुंबई इलाख्यात वर्षाला शंभर रुपये कमावणारा लहानसा दुकानदारही त्याच्या तावडीत सापडला. सरकारी अधिकारी, वकील, डॉक्टर सुटले. शंभर रुपये वर्षाला म्हणजे महिन्याला सव्वाआठच्या आसपास. असा माणूस स्वतःच दुष्काळाच्या उंबरठ्यावर उभा असतो. गरिबाच्या मदतीसाठी कर बसवायचा आणि तो त्याच्या शेजारच्या गरिबाकडून घ्यायचा, जास्त पगारवाल्याला सोडून! सुरतकरांना ही असली गणिते चांगली कळत. १८४४ मध्ये मिठावरची जकात आठ आण्यांवरून रुपयावर नेली तेव्हा याच शहराने दंगा करून सरकारला मागे रेटले होते. १८७८ च्या एप्रिलात बाजार बंद पडला, दंगल झाली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आणि शहरातल्या काही प्रतिष्ठित मंडळींवर खटला भरला गेला. बचावासाठी मुंबईहून तरुण बॅरिस्टर फिरोजशहा मेहता उभे राहिले. पुढे मुंबईचा अनभिषिक्त राजा म्हणवलेल्या माणसाचे नाव गाजू लागले त्यात या खटल्याचा वाटा आहे.

दोन वर्षांत करमाफीची मर्यादा पाचशे रुपयांवर न्यावी लागली, म्हणजे सुरतेचा लहान दुकानदार सुटला. निधीचे काय झाले? तोवर अफगाण युद्ध लागले होते. दुष्काळासाठी बाजूला काढलेला पैसा खर्चाच्या तोंडमिळवणीत विरघळला आणि सार्वजनिक सभेने हेही लेखी मांडून ठेवले.

टेंपल यांचा सभेवरचा राग काही केल्या उतरला नाही. १८७९ च्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड उभारले. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरी करणाऱ्या या माणसाने दुष्काळी मुलूख पायी फिरून पाहिला होता. त्याच वर्षी ३ जुलैला टेंपल यांनी लिटनना लिहिलेल्या पत्रात चित्पावनांच्या राजनिष्ठेबद्दल गंभीर शंका घेतली. पुढच्या साली ते पार्लमेंटची निवडणूक लढवायला गव्हर्नरी सोडून इंग्लंडला गेले आणि तिथे पडले. सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालच्या दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला, त्यावरून १८८३ ला दुष्काळ संहिता तयार झाली. संहितेने गावाजवळच्या कामांच्या यादीत बसणाऱ्यांचे नियम बारकाईने लिहून काढले, फुकट शिध्याची सोय पक्की केली. अशक्त कोण आणि सशक्त कोण हे ठरवायचा अधिकार मात्र अधिकाऱ्याच्याच हाती राहिला.

महाराष्ट्राने या काट्यांचे टोक मोडले ते जवळजवळ शंभर वर्षांनी, आणखी एका दुष्काळाच्या धक्क्याने. १९७२ ला पुन्हा खडी फोडली गेली, पुन्हा पाझर तलाव आणि नालाबंडिंगच्या कामांवर बायाबापड्यांची रांग लागली. पण तेव्हा वि. स. पागे यांच्या हाताखाली रोजगार हमीची कल्पना मूळ धरू लागली होती. १९७७ चा महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला: काम मागणाऱ्याची गरज खरी की खोटी हे तपासायचे नाही, मागितले की द्यायचे. २००५ च्या केंद्राच्या कायद्यात टेंपलचा दहा मैलांचा दंडक तर शब्दशः उलटा झाला. काम मागणाऱ्याच्या गावापासून पाच किलोमीटरच्या आत द्यायचे, त्याहून लांब असेल तर प्रवास आणि राहणीखर्चापोटी मजुरीवर दहा टक्के जादा. कामावर प्यायचे पाणी, पोरांना सावली, पाळणाघर. ती कलमे लिहिणाऱ्यांनी १८७७ चा संप आठवला असेल की नाही, कोण जाणे. सोलापूर-नगरच्या ज्या माणसांनी जानेवारीच्या त्या थंडीत खोरी टाकली, त्यांच्या मागण्यांची यादी मात्र जवळजवळ हीच होती.